नासपतीवरची रेघ

खोली मिळून लवंगीला पुरता आठवडाही झाला नव्हता, तोच तिच्या खोलीत एक नासपती राहायला आली.

आता नासपती म्हणजे फळ, त्याने अशी किती जागा खावी? पण ती एकटी थोडीच येणार. तिच्यामागून अर्धं सोललेलं लिंबू आलं, पोचे पडलेला तांब्याचा जग आला, पाण्याचा पेला, शिळ्या पावाचा तुकडा, चुण्या पाडून टाचण्यांनी जखडलेलं पांढरं कापड, हे सगळं अंगावर घेऊन उभं राहणारं टेबल, आणि टेबलासमोर एक डोळा मिटून बसायला साक्षात काका. वऱ्हाडच म्हणा ना. आणि वऱ्हाड निदान जेवून निघून तरी जातं.

लवंगी बुटकी होती आणि जिभेने मिरचीच्या तोंडात मारेल अशी होती, म्हणून घरात तिला हे नाव पडलं होतं. जन्मल्यापासून ती ताईच्या खोलीत राहत आली होती. ताईचं कपाट, त्यातला खालचा एक कप्पा हिचा. ताईचा दिवा, तो ताईला झोप आली की बंद. ताईचं लग्न झालं तेव्हा लवंगीही रडली, पण एका डोळ्याने. दुसऱ्या डोळ्याने ती भिंती मोजत होती. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी तिने टेबल खिडकीपाशी ओढलं, ताईच्या बाहुल्या माळ्यावर टाकल्या आणि दाराला आतून कडी लावली. आतून कडी. आयुष्यात पहिल्यांदा. मग उगाच उघडली, आणि पुन्हा लावली.

अशा त्या खोलीला उत्तरेची खिडकी होती, हा तिचा एकमेव दोष.

काकांची गोष्ट अशी, की विमा कंपनीतली नोकरी त्यांनी कलेसाठी सोडली होती. कंपनीने फार आग्रह केला नाही. तेव्हापासून ते स्थिरचित्रं काढत, म्हणजे भांडी, फळं, भाज्या, बाटल्या टेबलावर मांडायच्या आणि तैलरंगात अशा उतरवायच्या की बघणाऱ्याने म्हणावं, "अगंबाई, अगदी खरं वाटतं." लवंगीच्या घरात दिवाणखान्यात काकांचा कोबी होता, जेवणाच्या टेबलावर काकांची तीन आजारी वांगी होती आणि पॅसेजमध्ये काकांची किटली. लवंगीचं मत असं, की खरा कोबी स्वयंपाकघरात बघायला मिळतो आणि बघून झाला की त्याची भाजी होते. काकांच्या कोबीची भाजीही होत नाही, आणि भिंतीवरचा एक चांगला खिळा अडतो.

काकूचं मत याहून कडक होतं. एके दिवशी तिने काकांना सांगितलं, "एक तर हे सडकं सामान या घरात राहील, नाहीतर मी." काकांनी दोन दिवस विचार केला आणि सामान उचलून भावाकडे आले.

"दादा, ह्या खिडकीतून उत्तरेचा उजेड येतो. तो दिवसभर हलत नाही," काका म्हणाले.

"काका, तुम्ही हलणार आहात ना पण?" लवंगीने विचारलं.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," बाबा म्हणाले. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. दिवसभर लोकांना वरखाली करणाऱ्या माणसाला घरी मात्र आपल्या धाकट्या भावाला जागचं हलवता येत नव्हतं.

लवंगीचं अंथरूण पॅसेजमध्ये आलं. एका बाजूला चपलांचं कपाट, दुसऱ्या बाजूला धुलाईयंत्र. ती गतीचे नियम पाठ करायला बसली की यंत्र कपडे पिळायला घेई, आणि पुस्तक, चपला आणि लवंगी तिघंही गतीचा नियम पाळू लागत.

खोलीत जायची तिला परवानगी होती, पण कशी, तर देवळात गेल्यासारखी. टेबलाच्या पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा. काकांच्या स्टुलाभोवती खुणा. नासपतीखाली कापडावर पेन्सिलीचा गोल. पंखा लावायचा नाही, कापडाची चुणी हलेल. पडदा ओढायचा नाही. स्वतःचं कपाट उघडायचं तर काकांना विचारून, कारण कपाटाच्या दाराला आरसा होता आणि आरशातून उजेडाचा कवडसा जगाच्या पोटावर पडे.

"काका, वही घ्यायचीये."

"थांब. पोचा चाललाय."

जगाला पोचा होता आणि काका त्या पोच्यात दुपार घालवत.

चार दिवसांचे चार आठवडे झाले, त्याचं कारण काकांच्या कामाच्या पद्धतीत होतं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई सांगत, आधी सगळा कॅनव्हास पातळ रंगाने भरून घ्या, मग हळूहळू एकेक गोष्ट पुरी करा. काकांना हे घाईगर्दीचं वाटे. ते डावीकडून सुरुवात करत, भिंतीला चुना लावावा तशी, आणि एक वस्तू पार हुबेहूब झाल्याशिवाय शेजारच्या वस्तूकडे बघतही नसत. डावीकडे जग, म्हणून आधी जग. जग होईपर्यंत नासपती मऊ पडे. तिच्यापर्यंत पोचावं तर ती काळी. मग नवी आणायची. नवी जुनीसारखी कशी असणार? हिचं बूड रुंद, मान आखूड. तिचं जगाच्या चकचकीत पोटात पडलेलं प्रतिबिंब वेगळं. मग काका सुरीने कॅनव्हासवरच्या जगाचं पोट खरवडत आणि पुन्हा जगापासून श्रीगणेशा. लिंबू बिचारं सगळ्यात उजवीकडे. ते सुकून सुपारी झालं होतं, पण त्याच्यापर्यंत काका कधी पोचलेच नव्हते.

"काका, फोटो काढून ठेवा ना," लवंगी एकदा जेवताना म्हणाली. "मग नासपती नासली तरी बिघडत नाही."

काकांनी घास खाली ठेवला. "फोटो? फोटो म्हणजे मेलेला उजेड. मी जे डोळ्याला दिसतं तेच काढतो. निसर्ग हाच माझा गुरू."

"गुरूला चिलटं लागलीत."

"लवंगे," बाबा म्हणाले. आई पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

"यंदाच्या स्थिरचित्रांच्या प्रदर्शनाला व्हायला हवं हो चित्र, भाऊजी," बाहेर येऊन आई म्हणाली. तिचा चेहरा पुसल्यासारखा कोरा होता.

"झालं तर झालं, वहिनी. कलेला घाई नसते. नाही झालं तर पुढच्या वर्षीचं प्रदर्शन आहेच की."

पुढच्या वर्षी. लवंगीने पॅसेजकडे पाहिलं. धुलाईयंत्राने तिच्याकडे पाहिलं. आणि त्या क्षणी तिचं ठरलं, की नासपती नासायची थांबत नाही तोवर हा माणूस उठायचा नाही, तेव्हा आता नासपतीनेच नासणं सोडलं पाहिजे.

पडद्याची कापडं आणि शोभेच्या वस्तू मिळतात त्या दुकानात एका परडीत प्लास्टिकची फळं होती. केळी अगदीच केविलवाणी होती, द्राक्षं तर मण्यांसारखी. पण एक नासपती होती झकास. एका गालावर लाली, दुसरीकडे हिरवट झाक, अंगावर तपकिरी ठिपके आणि डोक्यावर काळा देठ. फक्त देठापासून बुडापर्यंत दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ होती. साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथली.

"कुठे ठेवणार?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"माझ्या खोलीत," लवंगी म्हणाली. ते दोन शब्द उच्चारूनच तिला बरं वाटलं.

काका केस कापायला गेले तेव्हा तिने पेन्सिलीच्या गोलातली नासपती उचलली आणि तिथे ही बसवली. नेमकी त्याच सकाळी नवी नासपती आणून काकांनी जग खरवडला होता, म्हणजे वेळही चांगली साधली. खरी नासपती लवंगीने तिथेच उभ्याउभ्या खाल्ली. गोड होती. कलेतून सुटलेली वस्तू गोडच लागायची.

पण काका परतले तेव्हा तिला धास्ती वाटली. कसाही असला तरी चित्रकार माणूस. फळाकडे बघणं हाच धंदा. पहिल्या नजरेतच ओरडेल, बाबांना बोलावेल, आणि मग खोलीही गेली आणि शोभाही झाली. ती दारात उभी राहिली.

काका स्टुलावर बसले. एक डोळा मिटला. हात लांब करून ब्रशच्या दांडीने नासपतीची उंची मोजली. पुन्हा मोजली. मग दुसरा डोळा मिटला.

"लवंगे, इकडे ये."

ती गेली. खडूच्या खुणा चुकवत.

"काय दिसतंय?"

"नासपती."

"ते काय कुणालाही दिसतं. नीट बघ. कडेने ती बारीक रेघ उतरलीये, देठापासून बुडापर्यंत. दिसली? फळ भरात आलं की अशी रेघ फुटते. निसर्गाची सही आहे ही. फोटोवाल्याला जन्मात दिसायची नाही."

लवंगीने रेघेकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. आजवर ती काकांना नुसत्या संशयावरून तुच्छ मानत होती. आता पुरावा मिळाला.

"जन्मात नाही, काका," ती म्हणाली.

त्यानंतर चित्र असं धावू लागलं की काका स्वतःच चकित. जग झाला. पेला झाला. नासपती जिथे होती तिथे, जशी होती तशी, आज्ञाधारक. काका तिचं कौतुक करताना थकत नसत. "काय तेज आहे बघा वहिनी. जात्याच दमदार फळ. हल्ली अशी मिळत नाहीत." एकदा एक खरी माशी तिच्यावर येऊन बसली, क्षणभर विचार केला आणि उडून गेली. माशीला कळलं. लवंगीने माशीला मनातल्या मनात नमस्कार केला.

अखेर लिंबूही झालं. आणि मग एक नवीनच घोर लागला. काकांचा नियम असा, की चित्र पुरं झालं की समोरचं जे काही खाण्याजोगं उरलं असेल ते कापून घरच्यांना वाटायचं. "वस्तूने आपल्याला रूप दिलं, तिला वाया घालवायचं नाही." आजवर या नियमातून कोबी सुटला होता, कारण तो हातात घेताच सांडला होता. पण नासपती कशी सुटणार? लवंगी धावत जाऊन बाजारातून एक खरी घेऊन आली. घाईत मिळेल ती. ही लांबट होती, पिवळी होती, लाली औषधालाही नाही. काका हात धुवायला गेले तेवढ्यात तिने प्लास्टिकची उचलून ती गोलात ठेवली.

काकांनी ती उचलली आणि कापली. चित्र बाजूलाच ईझलवर होतं, रंग अजून ओला. एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघितलं असतं तरी पुरे होतं.

"इतके दिवस टेबलावर आहे," फोड चघळत काका म्हणाले, "आणि अजून काय रसाळ आहे बघा वहिनी."

आईने फोड हातात घेतली. फोडीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, मग सावकाश लवंगीकडे पाहिलं.

"हो ना, भाऊजी," ती म्हणाली. "नवलच."

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये सगळीकडे तेच. भिंतीभर फळं, भांडी, चष्मे, घड्याळं. एकाने कांदे काढले होते, दुसऱ्याने दुसरे कांदे. लोक चित्राच्या अगदी जवळ जात, नाक टेकेल इतके, आणि म्हणत, "हात लावावासा वाटतो." लवंगीला कळेना, हात लावायचाच असेल तर बाहेर फळवाला उभा होता, त्याने कुणाला अडवलं होतं? तिथे कोणी फिरकत नव्हतं. तो आपला फळांचा पसारा आवरत होता.

परीक्षक गळ्यात रेशमी रुमाल बांधून आले होते. काकांच्या चित्रासमोर ते थांबले, मागे सरले, पुढे आले, आणि मानेला एक बाक देऊन म्हणाले, "ही रेघ. ही रेघ कुणाला दिसते? शंभरांतून एखाद्याला. इथे निरीक्षण नाही, इथे तपश्चर्या आहे."

मागच्या लोकांनी आळीपाळीने रेघ पाहून घेतली. एका बाईंनी तर नवऱ्याला कोपराने ढोसून दाखवली, जणू रेघ आत्ता पळून जाणार होती.

लवंगी खांबाला टेकून उभी होती. तिच्या डोक्यात साधा हिशोब चालला होता. कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी खऱ्या नासपतीची नक्कल केली. काकांनी त्या नकलेची नक्कल केली. त्यात जो दोष होता, तो तपश्चर्या ठरला. आणि पहिल्या बक्षिसाची शिल्ड मिळाली काकांना. कारखान्यातल्या माणसाला निदान आपण नक्कल करतोय हे तरी ठाऊक होतं.

हसू दाबता दाबता तिला ठसका लागला. पण तेवढ्यात काकांनी माइक हातात घेतला आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

"निसर्ग हाच माझा गुरू," काका म्हणाले. "आणि माझ्या पुतणीच्या खोलीतला उजेड ही त्याची कृपा. त्याच खोलीत आता मी मालिका करणार आहे. सुरुवात माशापासून."

बाबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. आपल्या घरात शिल्ड आली होती. खोली काय, त्यांनी लिफ्टसकट सगळी इमारत दिली असती.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. जग अर्धवट, नासपती काळी, लिंबाची सुपारी, असंच चालू राहिलं असतं तर काका निदान कंटाळले असते. आता त्यांना बक्षीस लागलं होतं, आणि बक्षीस लागलेला माणूस स्टुलावरून उठत नाही. लवंगीने स्वतःच्या हातांनी त्यांना स्टुलाला खिळवून ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी काका बाजारातून आले ते ताट घेऊनच. ताटावर ओला कागद, कागदाखाली मासा. लवंगी दारात उभी होती, चौकटीला पाठ लावून.

"सरक गं. ह्याचा डोळा निस्तेज व्हायच्या आत काढायचाय."

"काका, ती नासपती प्लास्टिकची होती."

"कुठली?"

"बक्षीसवाली. मीच ठेवली होती. ती रेघ साच्याची आहे."

काकांनी ताटावरचा कागद सारखा केला. मग हसले. लवंगीने रागाची तयारी केली होती, आरडाओरड्याची केली होती, हसण्याची केली नव्हती.

"मला काय कळलं नव्हतं?" काका म्हणाले.

"कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. म्हटलं, पोरीने हौसेने ठेवलीये, कशाला हिरमोड करा."

"मग निसर्गाची सही कुणाची होती?"

"ते तुझी परीक्षा बघायला म्हटलं."

"आणि कापून वाटलीत ती? रसाळ म्हणालात. तीही परीक्षाच? ती तर पिवळी होती, काका. लांबट. चित्राशेजारी धरून कापलीत तुम्ही."

काकांनी ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. कागदातून पाणी टपकत होतं.

"बरं, कळलं होतं तर कळलं होतं," लवंगी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका तो शांत होता. "म्हणजे प्लास्टिक समोर ठेवून निसर्ग माझा गुरू म्हणालात, भर सभेत. आणि कळलं नव्हतं, तर शिल्ड कसल्या नजरेला मिळाली ते त्या रुमालवाल्यांना विचारायला हवं. तुम्हाला ह्यातलं कुठलं बरं वाटतं ते सांगा. मी तेवढंच सांगेन सगळ्यांना. पदरचं काही घालणार नाही."

"काकाला धमकी देतेस?"

"नाही. विचारतेय. मोठ्यांना विचारून करावं म्हणतात ना."

काकांनी खोलीत डोकावून पाहिलं. खिडकी, खडूच्या खुणा, न हलणारा उजेड.

"तुला खोली हवीये," ते म्हणाले.

"हो."

"शिल्डबद्दल काही नाही?"

"शिल्ड तुमची तुम्हाला लखलाभ. मला कडी लावायचीये."

 मग काकांनी मासा आईकडे दिला, टाचण्या काढल्या, कापडाची घडी केली. टेबल दारातून तिरपं करावं लागलं तेव्हा लवंगीने एक बाजू धरली, कारण ते जितकं लवकर बाहेर जाईल तितकं बरं. टेबल पॅसेजमध्ये टेकवून काका वळले. त्यांनी विचारलं, "एक खरं सांग. रेघ बरोबर उतरली होती का?"

"कुठली रेघ?"

"तीच. साच्याची."

लवंगीने तोंडाशी आलेली चार उत्तरं चाखून पाहिली. सगळी झणझणीत होती. पण त्यातलं खरं एकही नव्हतं, आणि खोटं बोलून जिंकायचं तर मग काकांत आणि तिच्यात फरक तो काय?

"हुबेहूब," ती नाइलाजाने म्हणाली. "देठाशी जाड, खाली बारीक होत गेलेली. तशीच्या तशी."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू दुसरी शिल्ड मिळाली. घ्या. एवढं सगळं तोंडावर सुनावलं, आणि हा माणूस खूश होऊन निघाला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायलाही एक मर्यादा असते. लवंगीने दार लावलं, कडी घातली आणि ओल्या फडक्याने फरशीवरचा खडू खसाखसा पुसायला घेतला.

बाहेरून काकांचा आवाज आला, पार टवटवीत.

"वहिनी, तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला हो?"

"भाऊजी," आई म्हणाली, "टेबल घेऊन जा. मासा मी चिरायला घेतलाय."